शंभर टक्के कळवले

संग्राम हा सॉफ्टवेअर कंपनीने पाठवलेला पोरगा. घर रायपूरच्या बूढ़ापारा नावाच्या जुन्या वस्तीतलं, आडनाव मराठी. निवेदिताने त्याच्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली की तो सगळं समजून घ्यायचा आणि उत्तर हिंदीत द्यायचा.

"मैम, घबराना नहीं है. पहले लॉगिन, फिर अपना रोल चुनिए."

सिकलसेल केंद्राच्या सभागृहात त्या दिवशी सगळे बसले होते. तंत्रज्ञ, समुपदेशक, शिबिरांत नावं नोंदवणारे, गाडीचा ड्रायव्हरसुद्धा. पडद्यावर छत्तीसगढचा नकाशा होता आणि त्यात हिरवे, पिवळे, लाल ठिपके. निवेदिता प्रयोगशाळेची प्रमुख. तिने 'प्रयोगशाळा' हा रोल निवडला. स्क्रीनवर सांकेतिक क्रमांकांची रांग आली. प्रत्येक क्रमांकापुढे तपासणीचा निकाल भरायची एक चौकट होती.

"नावं कुठे आहेत?" तिने विचारलं.

"लैब को नाम नहीं दिखेगा मैम. प्राइवेसी."

हे तिला पटलं. रक्त तपासणाऱ्याला नाव माहीत असायची गरज नसते, उलट नसलेलंच बरं. पण मग तिने शेवटचा रकाना पाहिला. रकान्याचं नाव होतं 'इन्फॉर्म्ड', म्हणजे 'कळवले'. तो भरायचा नव्हता, आपोआप भरत होता.

"हे कळवले कोण ठरवतं?"

"सिस्टम. रिपोर्ट बना, एसएमएस गया, डिलीवर हुआ, तो इन्फॉर्म्ड. आपको कुछ नहीं करना."

"एसएमएस पोचला म्हणजे माणसाला कळलं असं नाही ना?"

मागून कुणीतरी हसलं. केंद्राचे संचालक शिशिर सर पहिल्या रांगेत होते. ते पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आले होते आणि रायपूरला अजून 'इकडे' म्हणायचे. ते मागे वळून म्हणाले, "निवेदिता, आज सुरुवात तर करू. तुझ्या शंका लिहून ठेव."

तिच्या शंकेमागे त्या केंद्रातली एक जुनी रीत होती. सिकलसेलची पहिली तपासणी सोपी असते, शिबिरातच होते. ती दोषी, म्हणजे पॉझिटिव्ह, आली की प्रयोगशाळेत दुसरी करतात, आणि तिच्यातून कळतं की माणूस आजारी आहे की नुसता वाहक. वाहकाला काही होत नाही. तो पापड लाटतो, दुकान चालवतो, म्हातारा होतो. पण नवरा आणि बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते की मूल आजार घेऊनच येईल. अंग दुखून रडणारं, वारंवार रक्त चढवावं लागणारं मूल. गर्भाची तपासणी करता येते, पण ती वेळेत करावी लागते. पाचवा महिना उलटायच्या आत. म्हणून केंद्रात दोषी निकाल फोनवर सांगत नसत, कागदावर नुसता देतही नसत. समुपदेशनाच्या खोलीत दोघांना शेजारी बसवायचं, चहा द्यायचा, आणि सांगायचं. मग त्यांच्याकडूनच वदवून घ्यायचं. "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं?" बाई नीट सांगू शकली की मगच प्रयोगशाळेत त्या नमुन्याचं काम संपलं असं धरायचे. कधी यायला महिना लागायचा. कधी ड्रायव्हर भैय्यालाल गाडी घेऊन गावात जाऊन त्यांना घेऊन यायचा. या सगळ्याला वेळ लागायचा, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो वेळ लाल ठिपका होऊन दिसत होता.

तिने शंका लिहून दिली. 'कळवले' हा रकाना आपोआप भरू नये, समुपदेशकाने भरावा. उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत विचार करू.

त्याच आठवड्यात तिला तात्यापाऱ्यातल्या कुसुमकाकू भेटल्या. निवेदिताच्या आईची मैत्रीण. काकूंच्या यशोधनचं उन्हाळ्यात लग्न झालं होतं, मुलगी नागपूरकडची, श्रावणी नावाची. निवेदितानेच विषय काढला.

"काकू, तुमच्याच पाऱ्यात आमचं शिबिर आहे. यशोधनला आणि श्रावणीला पाठवा. मूल व्हायच्या आधी तपासलेलं बरं असतं."

"अगं पण आमच्यात कोणाले काही नाही," काकू म्हणाल्या.

"वाहकाला काही नसतंच काकू. म्हणून तर तपासायचं."

"तू म्हणतेस तर पाठवते. तू थोडीच वाईट सांगशील!"

शिबिर झालं. नमुने आले, नळ्यांवर सांकेतिक क्रमांक चिकटवलेले. निवेदिताने तपासले, निकाल भरले. कुणाचं रक्त कुठलं ते तिला माहीत नव्हतं, आणि शोधायचा प्रयत्नही तिने केला नाही. ओळखीच्या माणसाला निकाल रस्त्यात विचारायचा नाही, सांगायचा नाही, हे ती गेली कित्येक वर्षं पाळत होती. दोघं वाहक असतील तर खोलीत येतील. निकाल सांगताना खोलीत समुपदेशकाबरोबर तीही असते.

पावसाळा सरेपर्यंत नकाशा हिरवा झाला. शिशिर सरांनी दर्शनी भागात मोठा स्क्रीन लावून घेतला. पाहुणे आले की ते आधी तिथे नेत. तपासले, निकाल दिला, कळवले. तीन आकडे एकाखाली एक, आणि शेवटच्या आकड्यापुढे शंभर टक्के.

आणि समुपदेशनाच्या खोलीत कुणी येईना.

सुरुवातीला निवेदिताला वाटलं, शेतीची कामं असतील. मग वाटलं, सण आहेत. समुपदेशक असलेली चित्रा दिवसभर तिथे स्वेटर विणायची. एक दिवस ती म्हणाली, "दीदी, मी घरून काम करू का? स्क्रीनवर तर सगळं झालेलं दिसून राहिलं."

निवेदिता शिशिर सरांकडे गेली.

"सर, दोषी निकाल पूर्वीइतकेच येतायत. खोलीत माणूस नाही. हे जुळत नाही."

"त्यांना कळलंय. त्यांना यायचं नसेल तर आपण काय ओढून आणणार?"

"कळलं असतं तर निदान काही आले असते. रडत, भांडत, कसेही. एकही नाही, असं होत नाही. मला दोषी आलेल्यांचे फोन नंबर द्या, मी स्वतः विचारते."

"तुझ्या रोलला नंबर दिसत नाहीत."

"म्हणून तर तुम्हाला मागते."

"निवेदिता," ते हळू आवाजात म्हणाले, "दिल्लीहून माणसं येतायत. हे मॉडेल बाकीच्या जिल्ह्यांत न्यायचं म्हणतायत. तू शास्त्रज्ञ आहेस, तुला आकड्यावर विश्वास नाही?"

"आकडा कशाचा आहे ते कळल्यावर आहे."

त्यांनी तिला तक्रार ऑनलाइन नोंदवायला सांगितली. तिने नोंदवली. दोन दिवसांनी ती 'निकाली' म्हणून हिरवी झाली. तिने पुन्हा नोंदवली.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी सदर बाजारात, कापडाच्या दुकानापुढे, स्कूटरच्या गर्दीत तिला कुसुमकाकू आणि श्रावणी दिसल्या. श्रावणीने शालीखाली पोट झाकलं होतं, पण ते झाकण्यापलीकडे गेलं होतं.

"सातवा लागला," काकू म्हणाल्या. डोळ्यांत चमक होती. "डोहाळजेवणाची साडी घेऊन राहिलो. हिरवीच पाहिजे म्हणते पोट्टी. तुले यायचंच आहे हां."

निवेदिताने पहिल्यांदाच आपला नियम मोडला.

"काकू, शिबिरात तपासणी झाली होती ना दोघांची? मग मेसेज आला?"

"नाही आला ना! म्हणजे चांगलंच. तो शिबिरात नावं टाकणारा भैय्यालाल बोलला होता, मेसेज आएगा, नहीं आया तो चिंता मत करना."

"कुठल्या नंबरवर येणार होता?"

श्रावणी म्हणाली, "ताई, नंबर आम्ही दिलाच नाही. ओटीपी मागत होते. यांच्या मित्राचे ओटीपी सांगून पैसे गेले होते मागे. मी म्हटलं, मी नाही सांगत बुवा कोणाले ओटीपी. सगळ्याच बाया नाही म्हणत होत्या. मग भैय्या बोलले, रहने दो, मैं अपना डाल देता हूँ."

एक स्कूटर हॉर्न वाजवत दोघींच्या मधून गेली. निवेदिताने श्रावणीला विचारलं, शिबिरात मिळालेली चिठ्ठी आहे का. होती. श्रावणीने ती फोनच्या कव्हरमध्ये घालून ठेवली होती. दोघांचीही. निवेदिताने त्यावरचे क्रमांक उतरून घेतले. "सहज," ती म्हणाली. काकूंना त्यात काही वाटलं नाही. त्या हिरव्या रंगाकडे वळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही क्रमांक स्क्रीनवर टाकले. दोन्ही वाहक. दुसरी तपासणी, तिची सही, जुलै महिना. शेवटच्या रकान्यात दोघांपुढे 'कळवले'.

भैय्यालाल गाडी धूत होता. तिने विचारल्यावर त्याने काही लपवलं नाही. त्याला त्यात लपवण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

"मैडम, बिना ओटीपी के आगे नहीं बढ़ता था. औरतें देती नहीं. लाइन सड़क तक. साहब बोलते थे एक कैंप में पाँच सौ होना चाहिए. त मैं का करतेंव? मेरा नंबर डालो, ओटीपी तुरंत आ जाता है."

"मेसेज आले त्याचं काय केलंस?"

"अंग्रेजी में आते थे. नाम भी नहीं, खाली नंबर. फोन भर जाता था त मिटा देता था." तो थांबला. "कुछ गड़बड़ हो गया का?"

याच माणसाने पूर्वी चिखलातून गाडी काढून जोडप्यांना केंद्रात आणलं होतं. तिने त्याला काय झालं ते सांगितलं. तो ओला फडका हातात धरून उभा राहिला, पाणी त्याच्या पायावर गळत होतं.

"त एक बार बोल देते," तो शेवटी म्हणाला. "पहले जैसे मैं ही चला जाता."

तिने शिशिर सरांना सांगून संग्रामला त्यांच्या खोलीत बोलावून घेतलं. त्याला संचालकांच्या परवानगीने नंबर बघता येत होते. एकाच नंबरावर किती माणसं नोंदली आहेत ते त्याने शोधलं आणि आकडा पाहून शिट्टी वाजवायला ओठांचा चंबू केला, पण वाजवली नाही. त्याने स्क्रीन शिशिर सरांकडे वळवला.

सरांनी आकडा वाचला.

"हे दुरुस्त करता येईल?" त्यांनी विचारलं. निवेदिताला नाही, संग्रामला.

"सर, लिमिट लगा सकते हैं. एक नंबर पर पाँच से ज़्यादा लोग नहीं."

"लाव."

"मग भैय्यालाल आपल्या भावाचा, मेहुण्याचा नंबर टाकेल," निवेदिता म्हणाली. "सर, आधीच्यांचं काय? यातल्या दोषी लोकांची नावं काढा. चित्रा आणि मी घरोघर जातो. महिनाभर लागेल."

"आणि नकाशावर काय दाखवू? शंभरचे किती करू? वीस? निवेदिता, हे बाहेर गेलं तर प्रकल्प बंद होईल. मग पुढच्या लोकांची तपासणीच होणार नाही. ते तुला चालेल?"

त्यांच्या बोलण्यात काही अंशी तथ्य होतं, आणि तिला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली.

"आता इथे एक बाई सातव्या महिन्यात आहे," ती म्हणाली.

"तिची लेखी तक्रार आहे?"

"नाही."

"एक तरी लेखी तक्रार आली तर मला वरती बोलता येईल. तोपर्यंत तुझं म्हणणं म्हणजे प्रयोगशाळेतल्या एका व्यक्तीचं मत. मी तुला विरोध करत नाहीये. मला कागद दे."

संग्राम खाली बघत होता. बाहेर पडताना तो तिच्या मागे आला. "मैम, मैंने वो कॉलम वैसे ही बनाया जैसा लिख के दिया था." तिने मान हलवली. त्याच्याशी भांडायला तिच्याकडे काही नव्हतं.

त्याच दुपारी ती तात्यापाऱ्यात गेली. काकूंच्या घराखाली यशोधनचं झेरॉक्सचं दुकान होतं. तिने त्याला शटर ओढायला लावून वर नेलं. तिघांना बसवलं. चहा तिला नको होता, पण काकूंनी केलाच, आणि तो कुणीच प्यायलं नाही.

तिने सांगितलं, नेहमी सांगायची तसंच. तुम्ही दोघं वाहक आहात. तुम्हाला आजार नाही. बाळाला आजार असण्याची शक्यता चारांत एक. नसण्याची चारांत तीन. गर्भाची तपासणी करून ठरवायची वेळ निघून गेली आहे. बाळ झाल्यावर लगेच त्याचं रक्त तपासायचं, आणि आजार निघाला तर पहिल्या महिन्यांतच औषध सुरू करायचं. लवकर सुरू केलं तर बराच फरक पडतो.

"आता तुम्ही मला सांगा," ती म्हणाली, "मी काय सांगितलं?"

श्रावणीने उलट तिलाच विचारलं.

"हे तुम्ही कधी तपासलं?"

"जुलैत."

"जुलैत मले दिवस पण नव्हते गेले."

"हो."

"त्याच्यानंतर आपण तीनदा-चारदा भेटलो असू, ताई. भाजी घेताना. गणपतीत तुम्ही मले प्रसाद दिला."

"मला नाव दिसत नव्हतं, श्रावणी. नळीवर नुसता क्रमांक असतो."

"काहून?" काकू एकदम म्हणाल्या. "रक्त तर आमचंच होतं ना? तू म्हटलं म्हणून पाठवलं पोट्टीले. तुझ्या नावावर पाठवलं मी. संस्थेच्या नाही."

जे करता येण्यासारखं होतं ते निवेदिताने सांगितलं. तुमच्यासारखी आणखी कितीतरी घरं आहेत. त्यांतल्या काही बायांचा तिसरा, चौथा महिना असेल. त्यांच्यासाठी अजून वेळ आहे. पण त्यांची नावं बाहेर काढायची तर एक लेखी तक्रार हवी. चार ओळी पुरतील. आम्हाला निकाल कळवला नाही, एवढंच.

"मी लिहून देते," श्रावणी म्हणाली. "आत्ता देते. यांच्या दुकानातला कागद द्या."

ती उठायला लागली, एका हाताने खुर्चीचा कठडा धरून. यशोधनने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला परत बसवलं.

"लिहायचं नाही."

"काहून?"

"शर्मिष्ठाचं बघून राहिलो ना आपण. बिलासपूरवाले रविवारी येऊन राहिले." शर्मिष्ठा ही त्याची धाकटी बहीण. "माझं नाव त्या कागदावर आलं की तिच्यावरही शिक्का बसला. उद्या सगळ्या समाजात होईल."

"हे नाव बाहेर जाणार नाही," निवेदिता म्हणाली.

यशोधनने तिच्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्याच्या आवाजात, आणि तेच वाईट होतं. "तुमच्याकडून काय बाहेर जाते आणि काय नाही जात, ते तुमच्या हातात आहे का, दीदी?"

काकूंनी कप उचलायला सुरुवात केली. श्रावणी नवऱ्याकडे बघत नव्हती, सासूकडेही नाही.

"बाकीच्या बायांचं काय?" तिने विचारलं. "ज्यांचा चौथा असेल?"

खाली कुणीतरी शटर वाजवून "भैया, दो कॉपी" म्हणत होतं.

"आणि शर्मिष्ठाताईंचं?" श्रावणी म्हणाली. "त्या पण वाहक असू शकतात ना? त्यांचं तर तपासा. लग्नाच्या आधी तपासा. मुलाचंही."

"हो," निवेदिता म्हणाली. "तिचं नक्की करा. मी स्वतः घेते रक्त, स्वतः सांगते. कुठे नोंदच करत नाही."

"नाही करायचं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. "नाही माहीत तर कोणाले सांगायचं पडत नाही. माहीत झालं की लपवलं म्हणतील. आमचं झालं ते झालं. तिचं राहू दे."

"काकू, तिच्या मुलांना..."

"निवेदिता." काकूंनी हातातला कप बशीत ठेवला. "तू शिकलेली आहेस. मी तुझ्यावर एकदा विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा सांगू नको."

जिन्यावर पावलं वाजली. शर्मिष्ठा वर आली, खांद्यावर पर्स, हातात हेल्मेट, गालांवर थंडीची लाली. ती बँकेच्या परीक्षेचे वर्ग करत होती.

"अरे दीदी, आप? इतने दिन बाद!" तिने हेल्मेट टेबलावर ठेवलं. मग सगळ्यांचे चेहरे पाहिले. "क्या हुआ? भाभी, तबीयत ठीक है ना?"

श्रावणीने तोंड उघडलं. यशोधन तिच्या आधी बोलला.

"काही नाही. डोहाळजेवणाचं विचारायले आल्या होत्या. कधी आहे म्हणून."

शर्मिष्ठा हसून निवेदिताकडे वळली. "आप आएँगी ना?"

खोलीतले चौघंही आता निवेदिताकडे बघत होते. एकट्या शर्मिष्ठाच्या नजरेत नुसता प्रश्न होता.

"हो," निवेदिता म्हणाली. "येईन."